हवालदार आणि शेवटची पंगत

बाहेर मंडपात हलगी वाजत होती आणि आत उबवणी केंद्रात पंप तिच्या तालावर नाचत होता. टण-टण झालं, की पाणी सुरू. टण-टण झालं, की पाणी बंद. मला आधी हसूच आलं. मग मी अन्वीआत्याचा चेहरा बघितला आणि हसणं थांबवलं.

"झेलम, पाणी थांबतंय गं!" आत्या ओरडली. "लोटा घे! ओत वरून! हळू, अंडी हलवू नकोस!"

अंडी म्हणजे महाशीर माशाची अंडी. साबुदाण्याएवढी, पिवळीधमक, चार हजार. आमच्या धरणाच्या पाण्यात पूर्वी महाशीर असायचे, उमेशआबांच्या लहानपणी. आबा म्हणजे माझे आजोबा, आत्याचे वडील आणि आमच्या तरतेवाडीचे अध्यक्ष. आमचं गाव पाण्यावर तरंगतं, घरं, शाळा, मंडप, सगळं काही मोठमोठ्या तराफ्यांवर. पण खाली पाण्यात महाशीर म्हणाल तर एक नाही. माझी आत्या मत्स्यशास्त्रज्ञ (माशांचा अभ्यास करणारी). तीन वर्षं ती ही अंडी उबवायचा प्रयत्न करत होती. पहिल्या वर्षी बुरशी लागली, दुसऱ्या वर्षी पाणी तापलं. हे तिसरं वर्ष, आणि पिल्लं आज बाहेर पडणार होती. या अंड्यांना सतत वाहतं पाणी लागतं, कारण वाहत्या पाण्यातून त्यांना श्वासापुरता प्राणवायू मिळतो. दहा-पंधरा मिनिटं पाणी थांबलं तर खेळ खलास.

मी एका हाताने लोटा ओतत होते आणि भिंतीवरच्या जाळीदार डब्यात तोंड घालून किंचाळत होते. "हवालदार! पंपाला हुकूम कोण देतंय?"

"नमस्कार झेलमताई," हवालदार नेहमीच्या शांत आवाजात म्हणाला. त्याचा हा शांतपणा कधीकधी डोक्यात जातो. "पाहुण्यांच्या जाळ्यातला झगमग नावाचा डबा. मंडपातले दिवे आणि कारंजी हलगीच्या तालावर नाचवणं हे त्याचं काम. त्याला आपले पंप दिसले. ती कारंजी आहेत असं त्याने ठरवलं. गेल्या चार मिनिटांत त्याने सत्त्याण्णव हुकूम पाठवले. सर्व पोहोचवले आहेत."

"पोहोचवले? अरे, तुला दारात उभं कशाला केलंय?"

"तपासायला."

"मग तपासलेस का?"

"प्रत्येक हुकूम तपासला. नियमात बसतो."

माझं डोकंच फिरलं. "पाहुण्यांचं दार बंद कर! आत्ताच्या आत्ता!"

"बंद केलं."

पंप एकदा खोकला आणि पाणी पुन्हा एका लयीत वाहायला लागलं. आत्या मटकन स्टुलावर बसली. "वाचली," ती म्हणाली. "पण आता परत असं झालं तर नाही वाचायची गं. आधीच दमलीत ती."

आता हा हवालदार कोण, ते सांगते. नाहीतर तुम्हाला वाटेल की दारात कोणी मिशीवाला गृहस्थ बसलाय. हवालदाराला मिशा नाहीत, अंगच नाही. शाळेतल्या लोखंडी कपाटात आमच्या गावाचा एकच मोठा संगणक आहे. त्या एका संगणकाच्या पोटात अनेक आभासी संगणक चालतात (आभासी संगणक म्हणजे वेगळं खोकं नसलेला संगणक, मोठ्या संगणकाची थोडी स्मरणशक्ती आणि थोडा वेळ त्याला वाटून दिलेला असतो, आणि त्याची समजूत अशी असते की आपण स्वतंत्र आहोत). शाळेचं वेळापत्रक एकावर चालतं, गावाच्या विजेचं काम दुसऱ्यावर. त्यातला एक म्हणजे हवालदार. त्याचं खरं काम फायरवॉलचं (फायरवॉल म्हणजे संगणकांच्या जाळ्यांमधला पहारेकरी, येणारा-जाणारा प्रत्येक निरोप तपासून सोडतो किंवा अडवतो). नाव आम्ही पोरांनी ठेवलं.

गावात तीन खासगी जाळी आहेत. खासगी जाळं म्हणजे असं जाळं, की ज्यातली यंत्रं आपापसात बोलतात, पण बाहेरच्याला त्यांचा पत्ता माहीत नसतो. एक जाळं आत्याच्या उबवणी केंद्राचं, दुसरं शाळेचं, तिसरं पाहुण्यांचं. ही तिन्ही एकमेकांना कुठेच जोडलेली नाहीत, फक्त हवालदारापाशी येऊन मिळतात. त्याला तीन जाळ्यांकडे उघडणारी तीन दारं आहेत आणि चौथं दार बाहेरच्या इंटरनेटकडे. म्हणजे पाहुण्यांच्या जाळ्यातल्या डब्याला पंपापर्यंत जायचं, तर हवालदारासमोरूनच जावं लागणार. दुसरी वाटच नाही.

मग तो गेला कसा? आणि पंपांना आत्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, असा नियम मी स्वतःच्या हाताने लिहिला होता, तो गेला कुठे?

हे मी आत्याला विचारणार, तेवढ्यात उमेशआबा धापा टाकत दारात आले. डोक्यावर टोपी, अंगात नवा सदरा, आणि चेहरा लालबुंद.

"पाहुण्यांचं जाळं कुणी तोडलं?"

"मी," मी म्हटलं.

"अगं पोरी, दोनशे माणसं पाण्यात अडकली ना! नावा मधोमध थांबल्यात!"

अरे देवा. नावांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आज तरतेवाडीला पंचवीस वर्षं झाली म्हणून गावजेवण होतं, आणि आबांनी काठावरच्या सात गावांना आमंत्रण दिलं होतं. आमच्या नावा स्वतःच्या स्वतः चालतात. धक्का कुठे आहे, पाणी किती खोल आहे, हे त्या पाहुण्यांच्या जाळ्यातून, हवालदारासमोरून, शाळेच्या जाळ्यातल्या धक्क्याच्या यंत्राला विचारत विचारत येतात. उत्तर आलं नाही की सुरक्षिततेसाठी जागच्या जागी थांबतात. झगमगचे मालक, मंडपवाले, तेही खुर्च्या आणायला गेले होते आणि त्यातल्याच एका नावेत अडकले होते.

"दार उघड!" आबा म्हणाले.

"उघडलं तर अंडी मरतील!" आत्या म्हणाली.

"मग तो मंडपवाल्याचा डबा बंद करून टाका की! खांबावर चढतो मी!"

"आबा, आज एक डबा आहे," आत्या म्हणाली. "त्या नावांमधून दोनशे माणसं येतायत. प्रत्येकाच्या खिशात, मनगटावर, पोरांच्या खेळण्यात काही ना काही आहे. तुम्ही किती खांबांवर चढणार?"

मी जाळीदार डब्याकडे वळले. "हवालदार, खरं सांग. पंपांचा नियम तुझ्या यादीत आहे की नाही?"

"आहे. तिसरा."

"मग झगमगचे हुकूम आले तेव्हा तू तो वाचलास?"

"नाही."

"का?"

"वेळच आली नाही. मी यादी वरून खाली वाचतो. जो नियम आधी लागू पडेल तो पाळतो आणि वाचन थांबवतो. पहिलाच लागू पडला."

मला पुढचं काही विचारायची गरजच उरली नाही. कारण यादी कुणी लिहिली होती? मी! आणि कशी लिहिली होती? तर मानाप्रमाणे!

हसू नका. मागच्या वर्षी काकाच्या लग्नाच्या पत्रिकेत थोरल्या मामांचं नाव चुकून धाकट्या मामांच्या खाली छापलं गेलं. थोरले मामा लग्नाला आले, पण मंडपात पाऊल टाकलं नाही. अक्षता पडेपर्यंत नावेत बसून राहिले. तेव्हापासून आमच्या घरात कुठलीही यादी करायची म्हटलं की मला धडकी भरते. म्हणून हवालदाराचे नियम लिहिताना मी शहाणपणा केला होता. अध्यक्ष म्हणून आबांचा नियम पहिला: गावात आलेल्या कोणालाही कुठेही अडवू नये. मग मुख्याध्यापिका बाईंचा: शाळेच्या घंटेला शाळेबाहेरच्या कोणी हात लावू नये. आणि आत्या वयाने सगळ्यांत लहान, म्हणून तिचा शेवटी: पंपांना फक्त माझ्या नियंत्रकाचा हुकूम चालेल (नियंत्रक म्हणजे पंपांना चालू-बंद कर म्हणून सांगणारं यंत्र).

माणसाने ती यादी वाचली असती तर तिन्ही नियम लक्षात ठेवले असते. हवालदार माणूस नाही. 'कोणालाही कुठेही अडवू नये' हे वाचल्यावर त्याला पुढे वाचायचं कारणच उरलं नव्हतं.

"आत्या, चूक माझी आहे," मी म्हटलं. माझे डोळे भरून आले होते. "तुझा नियम मी तळाशी टाकला."

आत्याने माझ्या डोक्यावर टपली मारली. "रडायला नंतर बस. आता दुरुस्त कर. पण खऱ्या हवालदाराला हात लावू नकोस, आधी तालीम कर."

तालीम कशी करणार? तर हीच आभासी संगणकाची मजा आहे. लोखंडी खोक्याची नक्कल करायची तर नवं खोकं विकत आणावं लागतं. आभासी संगणक म्हणजे शेवटी मोठ्या संगणकाने जपून ठेवलेली माहितीच, त्यामुळे त्याची हुबेहूब प्रत निघते. मी हवालदाराचा जुळा भाऊ काढला. त्याला खोटे पंप दिले, खोटी घंटा दिली, खोटा झगमग दिला. खरा हवालदार आपल्या जागी दार लावून उभा होता. जुळ्याने कितीही घोळ घातला तरी अंड्यांना धक्का लागणार नव्हता.

जुळ्याच्या यादीत मी आत्याचा नियम उचलून सगळ्यांत वर ठेवला. खोट्या झगमगने पंपाला हुकूम दिला.

"अडवला," जुळा म्हणाला.

"जमलं!" मी उडीच मारली. तेवढ्यात खोटी शाळेची घंटा टणाटण वाजली. झगमगने तिला धरलं होतं. बाईंचा नियम अजून आबांच्या खालीच होता ना! मी तोही वर घेतला आणि घंटा गप्प झाली.

"आता जमलं का?" आबांनी विचारलं. त्यांच्या कमरेला लावलेल्या बिनतारी यंत्रातून (त्याला गावाचं जाळं लागत नाही) नावांमधल्या लोकांचा कालवा ऐकू येत होता. कुणीतरी विचारत होतं, जेवण नावेतच पाठवणार का?

आत्या विचारात पडली होती. "हवालदार," ती जुळ्याला म्हणाली, "झगमगने माझ्या पाण्याच्या थर्मामीटरला हुकूम दिला तर?"

"थर्मामीटरबद्दल नियम नाही. वाचत खाली आलो. शेवटी आबांचा नियम आहे. जाऊ दिलं."

"आणि मी उद्या नवीन यंत्र आणलं, ज्याचं नाव आज कुणालाच माहीत नाही?"

"जाऊ दिलं."

आत्याने माझ्याकडे बघितलं आणि मला एकदम उमगलं. काय काय अडवायचं याची यादी कधीच पुरी होणार नाही. अडवण्यासारख्या गोष्टींना अंतच नाही. त्यापेक्षा काय सोडायचं तेवढंच लिहायचं. ती यादी छोटी असते. आत्याचा नियंत्रक पंपांकडे जाईल. शाळेचं वेळापत्रक घंटेकडे जाईल. पाहुणे धक्क्याशी, नावांशी आणि बाहेरच्या इंटरनेटशी बोलतील. आणि सगळ्यांच्या खाली एकच ओळ: उरलेल्या सगळ्याला नाही.

म्हणजे आबांचा नियम पहिल्या जागेवरून जाणार होता. नुसता जाणार नव्हता, तर उलटा होणार होता. मी आत्याकडे बघितलं. आत्याने छताकडे बघितलं. सांगायचं मलाच होतं.

मी सांगितलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांची टोपी कपाळावर आली.

"म्हणजे माझ्या दारात आलेल्या पाहुण्याला मी नाही म्हणायचं?" ते म्हणाले. "अगं, आम्ही पाण्यावर राहायला आलो तेव्हा याच सात गावांनी आम्हाला धान्य दिलं. तेव्हाच मी ठरवलं, की तरतेवाडीत कुणाला अडवायचं नाही. माझ्या हयातीत दाराला कडी लावायची नाही. आणि आज तू माझ्या नावावर 'नाही' लिहिणार?"

आबा खरंच दुखावले होते.

आत्या त्यांच्याजवळ जाऊन बसली. "आबा, झेलम जन्मली तेव्हा तुम्ही वहिनीच्या खोलीत कधी गेलात?"

"बाळंतिणीच्या खोलीत? बाराव्या दिवशी. बारशालाच बघितलं हिचं तोंड."

"घर तुमचंच, नात तुमचीच. बारा दिवस दाराबाहेर ठेवलं म्हणून राग आला होता?"

"राग कसला? एवढासा जीव, त्याला जपायचं तर..." आबा बोलता बोलता थांबले. समोरच्या ट्रेमध्ये पाणी झुळझुळत होतं आणि त्याखाली चार हजार पिवळे ठिपके होते. आबा ट्रेवर वाकले.

"पाहुण्यांना ओसरी मोकळीच आहे, आबा," मी हळूच म्हटलं. "धक्का, नावा, गप्पा, फोटो, सगळं. फक्त या खोलीत नाही."

"हं," आबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "गावजेवणाला मी कितव्या पंगतीला बसतो?"

"शेवटच्या."

"का?"

"सगळ्यांचं नीट झालं की नाही ते बघून मग बसता."

"मग? यजमानाचं पान शेवटीच असतं. सगळे उठून गेले, वाढपी दमले, तरी तो उभाच. कोण राहिलं, काय राहिलं, त्याची जबाबदारी त्याची." त्यांनी टोपी सरळ केली. "लिही. उरलेल्या सगळ्याला नाही. आणि त्यापुढे माझं नाव घाल. लवकर आटप, माणसं उन्हात बसलीत!"

मी जुळ्याला खऱ्या हवालदाराच्या जागी उभं केलं. जुन्याला पुसलं नाही, बाजूला झोपवून ठेवलं. काही बिघडलंच तर एका क्षणात परत आणता येतो. आणि बिघडलंच! आत्याच्या पडद्यावरचा एक आकडा नाहीसा झाला. नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरात एक मोजणी केंद्र आहे. येणारं पाणी किती गार आहे, ते आत्याचा नियंत्रक दर मिनिटाला त्याला इंटरनेटवरून विचारतो.

"हवालदार, डोंगरावरून उत्तर आलं नाही का?"

"प्रश्नच बाहेर गेला नाही. तो सोडायचा नियम नाही."

मी कपाळाला हात लावला. नियंत्रकाला डोंगरावरच्या केंद्राला विचारायची मुभा आहे, अशी ओळ घातली. तरी आकडा येईना.

"आता काय?"

"प्रश्न गेला. उत्तर दारात उभं आहे. ते आत घ्यायचा नियम नाही."

बरोबरच होतं त्याचं. मी अगदी वर आणखी एक ओळ लिहिली: ज्या प्रश्नाला आपण बाहेर जाऊ दिलं, त्याचं उत्तर आत येऊ द्यावं. हवालदार कुणी कधी काय विचारलं ते लक्षात ठेवतो, त्यामुळे उत्तराचं सोंग घेऊन भलताच कुणी आला तर त्याला ते पकडता येतं. आकडा पडद्यावर परत आला. तेवीस अंश.

"आता उघड पाहुण्यांचं दार," आत्या म्हणाली. तिने दोन्ही हातांत लोटे घेतले होते.

"उघडलं," हवालदार म्हणाला.

आबांच्या कमरेच्या यंत्रातून आनंदाचा गलका आला. नावा हलल्या होत्या. आणि मंडपात हलगी पुन्हा सुरू झाली. टण-टण. मी पंपाकडे बघत होते. टण-टण, टणाटण.

पाणी एकसारखं वाहत होतं.

"झगमगकडून बेचाळीस हुकूम आले," हवालदार म्हणाला. "बेचाळीसही अडवले. शेवटच्या नियमाने. यजमान, उमेशआबा."

आबा इतक्या मोठ्याने हसले, की आत्याने त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. अंड्यांना आवाज नको म्हणून.

मग दुपारभर पंगतीवर पंगती उठल्या. कालवण, भाकरी, भात. मंडपवाल्या काकांना मी झगमगची गोष्ट सांगितली, तर ते हात जोडून म्हणाले, "ताई, दिसेल ते आपलं समजायचं, ही त्याची खोडच आहे. तुमची ती यादी मलाही लिहून द्या, आम्ही गावोगाव मंडप घालतो." मी त्यांना यादी दिली. काठावरच्या सातही गावांत असेच संगणक बसणार आहेत, आणि त्यांचे हवालदार कुणी लिहायचे हे आबांनी मला न विचारताच सांगून टाकलंय. मी लिहिणार आहे. फक्त मानाप्रमाणे नाही, कामाप्रमाणे. नेमकं सांगणारा नियम वर, मोघम नियम खाली, आणि सगळ्यांत खाली त्या त्या गावचा यजमान.

चार वाजता शेवटची पंगत बसली. आबा पहिला घास तोंडात घालणार, तेवढ्यात आत्याचा आवाज आला. "झेलम! आबा! फुटलं! पहिलं फुटलं!"

मी पळाले. ट्रेमध्ये एक दोऱ्याएवढं पिल्लू पिवळी पिशवी पोटाशी घेऊन वळवळत होतं. बघता बघता शेजारचं हललं, मग त्याच्या शेजारचं. आत्या हसत होती आणि रडतही होती. दोन वर्षांनी ही पिल्लं माझ्या हाताएवढी होतील आणि आम्ही त्यांना नदीत सोडू, आबांच्या लहानपणच्या पाण्यात.

मागे वळून बघितलं तर आबा दारातच उभे होते. आमच्या गावात दाराला कडी नसते, आणि कुणाच्याही घरात न विचारता शिरायची आबांना जन्माची सवय. पण ते उंबऱ्याच्या बाहेर थांबले होते, टोपी हातात घेऊन.

"अन्वी," त्यांनी हळू आवाजात विचारलं, "मी आत येऊ का गं?"

"या, आबा," आत्या म्हणाली. "हात धुऊन या."